लाल बत्ती

भिलाईच्या कारखान्याच्या भट्ट्या अजून उभ्या राहायच्या होत्या, त्या काळातली गोष्ट. कॅम्प-१च्या मागे मोटारींचे आवार होते आणि तिथे लष्कराने मोडीत काढलेले हिरवे ट्रक कामाला जुंपलेले असत. त्यांपैकी एक ट्रक शालिकरामकडे होता. भंडाऱ्याकडची दीड एकर धानाची शेती भावावर सोपवून तो इकडे आला, दोन वर्षे पाइप गँगमध्ये राबला आणि त्या पावसाळ्यानंतर कुठे त्याच्या हाती स्टिअरिंग आले. बायको मैनाबाई शेजारणींना सांगत असे, "आमच्या घरी आता डायवर हाये."

ते डायवरपण त्या सकाळी टांगणीला लागले होते. चालकाच्या समोरच्या पट्टीवर इंजिन तापल्याचा इशारा देणारी लाल बत्ती होती. ती दोन दिवसांपासून कोसाकोसावर पेटत होती. पेटली की शालिकराम गाडी थांबवी, बॉनेट उघडी, वाट पाही. अहिवाऱ्याकडून येणारी चुनखडी दोन्ही दिवस उशिरा पोहोचली होती.

आवाराचा जमादार भैयालाल कमरेवर हात ठेवून उभा होता. "काय बे शालिक, गाडी चालवून राहिला का म्हातारीले देवदर्शनाले नेऊन राहिला? आज दुपारच्या आत हे गाडी निघाली नाई, तं भैय्याजीले बसवतो. तू आपला पाइप गँगमधी जाय."

शालिकराम पुन्हा बॉनेट उघडू लागला. भैय्याजी दुसऱ्या पाळीचा चालक; तो या सीटवर कधीचा डोळा ठेवून होता.

मेकॅनिक श्रीधर दुर्गच्या जुन्या मराठी घरातला, पदविका घेतलेला तरुण. त्याने आधी रेडिएटरला हात लावला. हात सुखाने टेकला, तरी बत्ती पेटलेलीच. मग इंजिनाच्या माथ्यावर बसवलेल्या बोटाएवढ्या पितळी स्विचची तार त्याने उपसली. बत्ती विझली.

"इंजिनाला ताप नाही, शालिकराम. ताप सांगणाराच बिघडलाय. हा स्विच आतून चिकटलाय."

"मंग नवा?"

"नवा कुठला! तो विटांवर ठेवलेला ट्रक आहे ना, त्याचा काढू. पण आधी पारखून घेऊ."

पारख झाली ती शकुबाईच्या चहाच्या टपरीवर. बॅटरी, बल्ब आणि तारेला टांगलेला त्या ट्रकचा स्विच आपल्या पातेल्याकडे येताना पाहून शकुबाई कडाडली, "माह्या गंजात लोखंड शिजवता का भाऊ? चहा कोण पिईन मंग?"

"पितळ आहे, शकुबाई."

"तं दोन पैसे जास्त घेईन."

पाणी उकळू लागले तसा बल्ब पेटला. गंज उतरवून पाणी निवू दिले तसा विझला. श्रीधरचा चेहरा खुलला. तेवढ्यात क्रेनवरून त्याला बोलावणे आले. "इंजिन थंडच आहे. थोडं पाणी काढ, बॅटरीची तार सोड, जुना स्विच काढून हा तांब्याच्या वायसर-चकतीसकट कस," एवढे सांगून तो गेला.

शालिकरामने सारे सांगितल्याबरहुकूम केले. फक्त एक गोष्ट आपल्या मनाने वाढवली. पाइप गँगमध्ये त्याच्या हातचा एक सांधा सगळ्यांसमोर गळला होता. तेव्हापासून सुतळी आणि गळती रोखणारा सफेद्याचा लेप लावल्याशिवाय पेचाचा आटा बसवायचा नाही, हे त्याच्या हातांनीच ठरवून टाकले होते. त्याने आट्यांवर सुतळी घट्ट गुंडाळली, वरून आणि वायसराच्या दोन्ही अंगांना पांढरा सफेदा थापला आणि स्विच कसला. पाण्याचा थेंब गळला नाही. गाडी सुरू केली, बत्ती विझलेली.

"वा रे पठ्ठे!" भैयालाल म्हणाला. "निघ."

पण श्रीधर परत आला होता. "आधी तापवून पाहू." त्याने रेडिएटरवर गोणपाट टाकले आणि इंजिन चालू ठेवले. काही वेळाने झाकणातून वाफ फुसफुसू लागली. बत्ती मात्र आंधळीच. श्रीधरने इंजिन बंद करून फक्त बत्तीची कळ चालू ठेवली.

"हाही गेला वाटतं," तो खिन्नपणे म्हणाला. "आता गाडी रायपूरच्या डेपोत पाठवावी लागेल."

"कावून? बत्ती नाई पेटत तं चांगलंच हाये न," भैयालाल म्हणाला. "थांबाचं कामच नाई. शालिक, तू काहाडतो का नाई गाडी? का बोलावू भैय्याजीले?"

शालिकरामचा हात दारावर होता. आत चढले की सीट त्याचीच होती. पण वाटेत इंजिन खरेच तापले, तर ही बत्ती मुकी राहणार, हेही त्याला दिसत होते. गंजात बल्ब पेटवणारा स्विच इंजिनात बत्ती का पेटवत नाही? मध्ये नवे असे काय आले? त्याचीच सुतळी.

"भाऊ," तो श्रीधरला म्हणाला, "म्या आट्याले सुतळी-सफेदा लावला. तुमी सांगितलं नोतं. त्याच्यानं तं नाई?"

श्रीधरने पाना उचलून एक टोक स्विचच्या अंगाला आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडाला टेकवले. लाल बत्ती लखकन पेटली.

"तेच! तार एकच आहे, विजेची परतीची वाट या लोखंडातून. ती तुझ्या सुतळीने अडवली." मग थोडे ओशाळून म्हणाला, "का लावायची नाही, ते मीही सांगायला हवं होतं."

"दोघं हुश्शार भेटले मले!" भैयालालने कपाळावर हात मारला.

तापल्या इंजिनातून स्विच काढता येत नाही. ते निवेपर्यंत सूर्य माथ्यावरून कलला, आणि भैय्याजी डोक्याला गमछा बांधून हजरही झाला. शालिकरामने कोणाकडे न पाहता आटे आणि वायसर घासून धातू उजळला, नुसत्या वायसरावर स्विच कसला, पाणी भरले. पुन्हा गोणपाट टाकले. झाकण फुसफुसायच्या आतच बत्ती पेटली. गोणपाट काढल्यावर, सावकाश, विझली.

भैयालालने त्या विझलेल्या बत्तीच्या काचेवर बोटाने टकटक केले.

"रस्त्यात पेटली तं?"

"थांबीन."

"अन् म्या पाठीमागून बोंबललो तं?"

"तरी थांबीन, जमादार."

"अन् नाई पेटली तं?"

"तं कोनाच्या बापासाठी थांबत नाई."

भैय्याजी हसला. भैयालालही हसला, पण मिशीतल्या मिशीत. "भैय्याजी, तू दुसरी गाडी पाय," असे म्हणत तो स्वतःच पलीकडच्या दाराने केबिनमध्ये चढला. "चाल बे डायवर. चुनखडी वाट पाहून राहिली."

शालिकरामने गिअर टाकला, आणि हिरवा ट्रक धूळ उडवत अहिवाऱ्याच्या रस्त्याला लागला.