पट्टीची जागा

"बाबा, तुम्ही इथे मिस्त्री म्हणून आलेला नाहीत," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

पण मिस्त्रीने तोवर व्याह्यांच्या पलंगाखाली डोकं घातलं होतं. एकतीस वर्षं इन्व्हर्टर दुरुस्त करण्यात गेलेली. कुणाच्याही घरी पाऊल टाकलं की माणसांआधी त्याची नजर वायरींवर जायची. आज तो आला होता आजारी व्याह्यांना भेटायला. व्याही निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या फुप्फुसांनी आता हात टेकले होते. आडवं झालं की तोंडावर मास्क लावून मशीनने श्वास द्यावा लागे. वीज गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून जावयाने इन्व्हर्टर बसवला होता आणि विजेच्या झटक्याने मशीन जळू नये म्हणून स्पाइक गार्डची चांगली महागडी पट्टी आणली होती. वस्तू दोन्ही बरोबर होत्या. जोडणी चुकली होती.

"अगं, ही पट्टी इन्व्हर्टर आणि मशीनच्या मध्ये लावलीय," तो खालूनच म्हणाला. "पट्टी भिंतीच्या सॉकेटात हवी, तिच्यात इन्व्हर्टर, आणि मशीन थेट इन्व्हर्टरवर."

"दोन महिने चालतंय की."

"लाइट असतात तोवर चालणारच. लाइनची वीज गोल लाटेसारखी येते. हा साधा इन्व्हर्टर, ह्याची वीज पायऱ्यापायऱ्यांची. त्या पायऱ्यांनी पट्टीच्या आतले भाग तापत राहतात. पाच-दहा मिनिटांत काही होत नाही. दोन-तीन तास लाइट गेले तर वितळेल ही."

मुलीने दाराकडे पाहिलं. "ह्यांनी स्वतः जोडलंय, बाबा. किती वाचून वाचून."

मास्तरांनी मास्क बाजूला केला. "करा हो तुम्ही, व्याही. आमचे चिरंजीव खुर्चीवर बसून वाचतात. तुम्ही जमिनीवर बसून बघताय."

त्या घरात मिस्त्रीला मोकळं वाटायचं ते मास्तरांपाशीच. जावई चारचौघांत "हे इलेक्ट्रिकल लाइनमध्ये आहेत" असं म्हणून विषय बदलायचा. मास्तर मात्र आल्यागेल्याला सांगायचे, "हे आमचे व्याही. वीजसुद्धा ह्यांना विचारून येते."

काम दोन मिनिटांचं होतं. त्याने पट्टी भिंतीकडे नेली, मशीनची पिन इन्व्हर्टरमध्ये खोचली आणि हात झटकून उठला.

संध्याकाळी जावई आला. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ह्याला हात कोणी लावला?"

मिस्त्रीने पुन्हा सगळं सांगितलं. दारावर आलेल्या विक्रेत्याचं ऐकावं तसं जावयाने ते हसतमुखाने ऐकून घेतलं. मग बाह्या सरसावल्या आणि होतं तसं परत जोडलं. मेन स्विच बंद केला. मशीन सुरळीत चालत राहिलं.

"बघा. काय झालं?"

"दोन मिनिटांत कळायचं नाही, जावईबापू."

"मी कंपनीचं पुस्तक वाचलंय, बाबा."

"त्यातच लिहिलेलं असेल, मागच्या पानांवर कुठेतरी..."

"राहू दे ना, बाबा," मुलगी मध्येच म्हणाली. मास्तरांनी मास्कआडून मिस्त्रीकडे पाहिलं आणि भिवया उडवल्या.

मिस्त्रीने राहू दिलं. आईविना वाढवलेली पोर ह्या घरात रुळायला चार वर्षं लागली होती. एका पिनेपायी तिला तोंडघशी पाडायचं त्याच्या जिवावर आलं. आठवड्याने त्याने फोन करून विचारलं, "बदललं का गं ते?" ती म्हणाली, "बाबा, तो विषय नका काढू. घरात उगाच तोंडं फुगतात."

त्यानंतर बारा दिवसांनी, दुपारी, लाइनच्या कामासाठी चार तास वीज गेली. जावई ऑफिसात, मुलगी नातवाला आणायला शाळेत. विहीणबाईंचा बाहेरच्या खोलीत डोळा लागला होता. काहीतरी करपल्याचा वास त्यांना आला, पण तो शेजारचा असेल म्हणून त्यांनी कूस बदलली. आत पट्टी वितळली होती आणि मशीन बंद पडलं होतं. मास्तरांच्या हातात एव्हाना मास्क काढण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. मुलगी परतली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

चौथ्या दिवशी घरात नातेवाईक जमले होते. जावयाच्या मामांनी ती काळी पडलेली पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली.

"हे जोडलं कोणी?"

जावयाने पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मध्ये हिच्या बाबांनी वायरी इकडच्या तिकडे केल्या होत्या."

हे खोटं नव्हतं.

मामा त्याच्याकडे वळले. "तुम्ही हात लावला होता?"

"लावला होता," तो म्हणाला.

पुढचं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. पण त्याने ते म्हटलं असतं तर ते जावयाच्या शब्दापुढे एका वायरमनचं वाक्य झालं असतं. खरं काय ते त्याच्यासह चौघांना ठाऊक होतं. एक गेला होता. एक बोलून चुकला होता. उरली होती ती मुलगी. ती कोपऱ्यात मास्तरांचा स्वेटर घडी करत बसली होती. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. तिने एक बाही आत दुमडली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा दुमडली. मान वर केली नाही.

"एकतीस वर्षांचा अनुभव म्हणे," विहीणबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या.

तो उठला, चपला घातल्या आणि चालू लागला. दारापर्यंत कोणी आलं नाही.

गाव काही मोठं नव्हतं. महिन्याभरात दोन दवाखाने आणि एक छापखाना हातचा गेला. कोणी तोंडावर काही बोललं नाही. "यावेळी दुसऱ्याला सांगितलंय," एवढंच. एका बाईंनी तर फाटक अर्धवट उघडून, "आमचा इन्व्हर्टर ठीक आहे हं," असं तो विचारायच्या आतच सांगितलं. तो फक्त त्यांच्या गल्लीतून चालला होता.

दीड महिन्याने मुलगी आली, एकटीच. खुर्चीच्या कडेवर बसली. घर किती धुळकटलंय म्हणाली, नातवाला नवा दात येतोय म्हणाली. मग बोलली, "बाबा, मी सांगते त्यांना. सगळ्यांसमोर सांगते, की तुम्ही बरोबर लावलं होतं आणि ह्यांनी..."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिला. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"आता सांगून काय होणार," तो म्हणाला. "तुला त्याच घरात राहायचंय. जाऊ दे."

आणि तो थांबला. ती नाही म्हणेल, पुन्हा एकदा म्हणेल, निदान एकदा तरी, म्हणून थांबला.

"बरं," ती म्हणाली.

तिचे खांदे सैल पडलेले त्याला दिसले. ती उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि सगळं घर झाडायला लागली. त्याच्याजवळ आली तेव्हा त्याने पाय वर उचलून घेतले.