वारुळाची राखण

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली त्या वर्षी गुणवंतरावांनी दोन कामं केली. आईचे दागिने चोरीला गेले म्हणून गावभर रडले, आणि तेच दागिने तांब्याच्या गडूत घालून धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर असलेल्या वारुळाच्या कुशीत पुरले. वारुळात नाग राहतो. सावली तालुक्याकडचा माणूस तिथे कुदळ लावत नाही. धाकटा भाऊ भैयाजी तेव्हा वाटणी मागत होता. त्याच्या वाट्याला निम्मी चोरी आली.

तीन पावसाळे बरे गेले. चौथ्या वर्षी धान कापून झालं आणि सरकारचे पेंढारकर साहेब जीप घेऊन उतरले. जमिनीखाली सोनं-तांबं आहे का, ते बघायला.

“किती खोल खणता, साहेब?” गुणवंतरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“खणतो कशाला? इथे माती पातळ. दोन-तीन हातांवर खडक. खालचं वर आणायला वाळवी आहेच. वारुळाची माती घ्यायची, तपासायची. झालं.”

गुणवंतराव “वा!” म्हणाले. आणि धुऱ्याकडे पाठ करून उभे राहिले.

साहेबांचा मजूर पत्रू आधी वारुळाला हात जोडी, मग चिमूटभर माती काढी. साहेब ती काचेच्या नळीत हिरव्या औषधात घुसळत. औषध लाल झालं तर धातू. गावातल्या एकेका वारुळाने सरकारची निराशा केली. धुऱ्यावरल्या वारुळाने मात्र नळी कुंकवासारखी लाल केली.

“तांबं!” साहेब उडालेच. “गुणवंतराव, नशीब काढलंत! उद्या सकाळी इथे खडकापर्यंत खड्डा घेऊ.”

ते तांबं कुठून आलं हे गुणवंतरावांना साहेबांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. गडू कळकला होता, त्याचं तांबं मातीत उतरलं होतं. बरं, गुपचूप उकरून आणावा, तर साहेबांनी आनंदाच्या भरात तंबूच वारुळाला खेटून ठोकला.

“चिनीमातीच्या बरणीत ठेवा म्हनलं होतं मी,” रात्री ताट वाढताना त्यांची बायको रुखमाबाई म्हणाल्या.

“आता काऊन बोलून राह्यली?”

“मंग कवा बोलू? भैयाजीसमोर सासूबाईचे गोठ निघन तवा?”

गुणवंतरावांनी भाताचं ताट बाजूला सारलं. खड्डा बघायला सारा गाव येणार, आणि सगळ्यांत पुढे भैयाजी.

सकाळी पत्रूने कुदळ उचलली तोच गुणवंतराव ओल्या धोतराने धावत आले आणि वारुळाला मिठी मारून बसले.

“नाग सपनात आला! म्हने, माह्या घराले कुदळ लावाल तं गाव उठवीन!”

पत्रूने कुदळ खाली ठेवली. बायांनी पदर पसरले. साहेबांनी खडक, खनिज, देशाची प्रगती असं बरंच सांगून पाहिलं, कोणी हलेना. शेवटी ते तंबू गुंडाळून जीपमध्ये बसले. “मी नागपूरहून हुकूम आणतो. सोबत पोलीसही आणीन.”

धूळ बसली तेव्हा भैयाजी भावाच्या पायांशी होता. रडत होता.

“भाऊ, मले माफ करा. तुमच्यावर शक घेतला मी. ज्याच्या सपनात देव येते, तो मायचं सोनं काऊन दडवीन?”

“जाऊ दे, भैया. ऊठ.”

भैयाजी उठला तो थेट घरी गेला आणि खाट, घोंगडी न् लाठी घेऊन परत आला. खाट वारुळाशी टाकली.

“आता सरकार येवो का कोणी येवो, इथून ढेकूळबी हालत नाई. मी इथीच राह्यतो.”

“रातच्याले तरी घरी ये ना.”

“नाई भाऊ. रातच्यालेच तं चोरून नेतेत.”

तेव्हापासून त्याची शिदोरी गुणवंतराव स्वतः नेऊ लागले. दुसऱ्या कोणाला पाठवायचा धीर होईना. जाता-येता सडकेवर जीपचा आवाज आला की थांबून मागे वळून बघत. बहुतेक वेळा ती बाजाराची मोटार निघे.

“भाऊ, आले तं पाया पडून घ्या,” भैयाजी भात कालवता कालवता म्हणाला.

गुणवंतराव वाकले. कपाळ मातीला टेकलं; आईचं सोनं तिथून हातभरसुद्धा खोल नव्हतं. साहेबांचा हुकूम नागपुरातच कुठल्या तरी टेबलावर दबून राहो, असं त्यांनी नागोबाला अगदी पोटातून मागितलं. इतक्या मनापासून ते देवाशी कधी बोलले नव्हते.

“मोठ्यानं मागा ना, भाऊ,” मागून भैयाजी म्हणाला. “मीबी संग मागतो.”