तार एकच आहे

माझी मुलगी शाल्मली सोमवारी सकाळी एडमंटनहून इंटरनेटच्या तारेतून घरी यायला निघाली, आणि मंगळवारी दुपारी बारापर्यंत ती नाकाच्या शेंड्यापर्यंत पोहोचली होती. आधी भांग आला, मग कपाळ, डोळे, कान. मोडेमसमोर, उभ्या माणसाच्या उंचीवर, तिचे तेवढे मस्तक अधांतरी स्थिर होते. माझी पत्नी वसुधा टाचा उंचावून त्या केसांना तेल लावीत होती. ओठ मात्र अजून यायचे होते.

नऊ वर्षांपूर्वी, जाण्याच्या दिवशी, शाल्मली बॅग घेऊन दारात उभी राहिली होती. तिला मला काही सांगायचे होते. मी फोनवर होतो. माझ्या निबंधातील तळटीप गाळणाऱ्या संपादकाशी वाद चालला होता. मी उजव्या हाताचे बोट वर करून तिला थांबण्याची खूण केली. वाक्य पूर्ण झाले. चांगले झाले, ते मला अजून पाठ आहे. मी वळलो तेव्हा दारात कोणी नव्हते. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. आता राहिलेले ते सांगायला ती येत होती, असे तिने निघताना आईला कळवले होते. मीही एक शब्द तयार ठेवला होता: चुकलो.

वेग फार मंद होता. दोन-अडीच तासांना जेमतेम बोटभर. ही सेवा देणाऱ्यांची हलगर्जी होती, म्हणून मी फोन लावला.

"नमस्कार, तक्रार कक्षातून ज्योत्स्ना वाघचौरे बोलतेय. काय अडचण आहे, सर?"

"अडचणी तीन आहेत. क्रमाने सांगतो."

"त्याआधी मोडेम एकदा बंद करून चालू करता का?"

"त्याने आलेली मुलगी परत जाईल."

"मग नको. कुठपर्यंत आल्यात?"

"नाकापर्यंत."

"म्हणजे कान आलेत. त्यांना सगळं ऐकू येतंय, सर."

"ऐकू येणे हा माझ्या तक्रारीचा विषय नाही."

"बरं. तुम्ही याच लाइनवरून बोलताय ना? स्प्लिटर बसवलाय? बोलणं आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी असते."

"ती मला कधीही देण्यात आली नाही. हा पहिला मुद्दा."

"मग तार एकच आहे, सर. तुम्ही बोलाल तेवढ्या त्या मागे सरकतील. फोन ठेवा. दोन-अडीच तासांत ओठ येतील."

"अहो, ऐकलंत ना?" वसुधा म्हणाली. "नाकाचा शेंडा गेला बघा. ठेवा तो फोन."

मी ज्योत्स्नाबाईंना विचारले की फोन ठेवल्यावर माझ्या तक्रारीचे काय होते.

"ती आपोआप बंद होते. शेरा पडतो, ग्राहक समाधानी."

"मी समाधानी नाही."

"सर, नुसता शेरा आहे. कोणी वाचत नाही."

"कोणी वाचत नाही म्हणून खोटे लिहावे, हे तत्त्व कोणी ठरवले?"

मी त्यांना माझे म्हणणे समजावून सांगू लागलो. वाक्य लांब होते, पण त्यातील प्रत्येक अंग आपापल्या जागी होते. पहिल्या स्वल्पविरामापाशी नाक नाहीसे झाले. शाल्मलीचे डोळे माझ्याकडे नव्हे, माझ्या हाताकडे पाहत होते. तेव्हा माझ्या लक्षात आले की माझे बोट वर होते.

"तेव्हाही हेच बोट होतं," वसुधा म्हणाली.

"वाक्य पुरे होऊ दे, शाल्मली. लगेच तुझ्याशी बोलतो."

"कुणाला सांगताय? कान गेले तिचे."

तो एक शब्द सकाळपासून केव्हाही सांगता आला असता. त्याला तारेत जागाही फारशी लागली नसती.

डोळे गेले. कपाळ गेले. वसुधाने फणी केसांत खोल रोवली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. केस तिच्या बोटांमधून बटेबटेने तारेकडे निसटत होते.

"सर, आहात ना लाइनवर?" ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "लिहू का? ग्राहक समाधानी?"

आयुष्यात प्रथमच मी मुद्दा सोडून दिला. "लिहा," मी म्हणालो आणि डाव्या हाताने रिसीव्हर खाली ठेवला. उजव्या हाताचे बोट खाली येईना.

फणीत एकच केस उरला होता. त्याचे दुसरे टोक मोडेममध्ये होते.

"आता श्वाससुद्धा जपून घ्या," वसुधा ओठ न हलवता म्हणाली.

मी बोट वर करून उभा राहिलो. केस ताणलेला होता; तो पुढे येत नव्हता, मागेही जात नव्हता.