चादरीला लागलेली माती

धाकटी टेकाड चढून येताना दिसली, की दादा चहाचा कप उचलून मागच्या दाराने रोपवाटिकेत पसार व्हायचे. धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण. आता स्वतः आजी झाली होती, पण घरात धाकटी ती धाकटीच. तक्रारीशिवाय ती कधी वर यायची नाही. दादांच्या झाडाचा पाला तिच्या दोरीवर पडतो, दादांचा कुत्रा ओल्या चादरींवरून चालतो, दादांचा रेडिओ खालपर्यंत ऐकू येतो, आणि गाणं चांगलं असलं की नेमका ऐकू येत नाही. "हिच्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला यायचाय," असं दादा बायकोला म्हणत. बायको म्हणे, "आणि तिचं ऐकून घेणाराही."

दोघांच्या मधे उभं होतं ते वडिलांनी बांधलेलं मातीचं धरण. सरकारी नव्हे, घरचं. दोन टेकाडांमधली घळ त्यांनी माती टाकून, तुडवून अडवली होती. वर तळं झालं. तळ्याकाठी दादांचं घर आणि फळझाडांची रोपवाटिका. खाली, धरणाच्या अगदी पायथ्याला, धाकटीची धुलाई आणि मागे तिचं घर. दवाखान्यांच्या नि हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी गाडीने यायच्या, उकळत्या पाण्यातून निघून दोरीवर फडफडायच्या आणि घड्या होऊन परत जायच्या.

धुलाई पायथ्यालाच का, तर तिथे झरा होता. धरण झाल्यावर काही वर्षांनी तो आपसूक लागला. वडिलांना कोण आनंद! "वरचं तळं लेकाला, खालचा झरा लेकीला," असं म्हणून त्यांनी झऱ्याभोवती दगडी कुंडी बांधली, नळ बसवला. पाणी असं नितळ, की साबण निम्मा लागायचा. धरणाच्या पायाशीच पाणी का फुटावं, हा प्रश्न त्या शहाण्यासुरत्या घरात एकाच्याही डोक्यात आला नाही. आयतं मिळालेल्याची चौकशी कोण करतो?

फक्त एक इंजिनिअर बाई अधूनमधून टोकायच्या. धरणांची तपासणी हे त्यांचं काम, आणि कलमी रोपं न्यायला त्या दादांकडे यायच्या. "एकदा तुमच्या धरणाची खालची बाजू बघू द्या," त्या म्हणायच्या. दादा हसून टाळायचे. "मॅडम, आमच्या वडिलांचं काम आहे ते. तुमच्या-माझ्यानंतरही उभं राहील."

तर त्या दिवशी धाकटी वर आली आणि दादांना पळायला सवड मिळाली नाही.

"दादा, तळ्यात काय सोडलंयस तू? चादरी पिवळट निघतायत."

"साबण बदल."

"साबण बदलला. मग बॉयलरही धुतला. दवाखान्याने अख्खा गठ्ठा परत पाठवला. तुझी म्हैस उतरते का पाण्यात?"

"म्हैस विकून जमाना झाला."

"मग मासे?"

"हो, मासे अंग चोळून आंघोळ करतात आणि मळ तुझ्याकडे पाठवतात," दादा म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले. धाकटी पाय आपटत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दादांनी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

मग तिने आपल्या परीने उपाय केला. जुन्या चादरीचा तुकडा चौपदरी करून नळाच्या तोंडाला गाळणं म्हणून बांधला. सकाळी सोडून पाहते, तर तुकडा जड झालेला. तो तसाच ओला घेऊन ती वर आली आणि दादांच्या पुढ्यात, न्याहारीच्या ताटाशेजारी, थपकन टाकला.

"बघ. आता म्हण साबण बदल."

दादा खेकसणार होते, पण त्यांची नजर तुकड्यावर गेली आणि घास हातातच राहिला. कापडावर मऊ, चिकट, तांबडी माती होती. त्यांनी ती बोटांवर घेऊन चोळली. घळीतली माती काळी, तळ्यातला गाळही काळा. तांबडी माती वडिलांनी लांबच्या टेकडीवरून गाड्या भरभरून आणली होती आणि ती फक्त एकाच ठिकाणी घातली होती, धरणाच्या पोटात. ती तुडवायला दोघं भावंडं उतरली होती. पावलं कितीतरी दिवस तांबडी होती, आई ओरडायची.

"धाकटे," ते म्हणाले, "ही आपल्या धरणातली माती आहे."

तिनेही चिमूटभर माती बोटांवर घेऊन चोळली.

दादांचा पहिला विचार तोच, जो आपल्यापैकी कुणाचाही झाला असता. भोक पडलंय, तर बुजवा. त्यांनी सिमेंटची गोणी काढली, आणि सुदैव म्हणजे कालवायच्या आधी इंजिनिअर बाईंना फोन लावला.

"खबरदार!" बाई फोनवर ओरडल्याच. "बुजवायचं नाही. पाणी दुसरीकडून वाट काढेल आणि ती तुम्हाला दिसणारही नाही. पाणी येतंय तर येऊ द्या, माती येऊ देऊ नका. तोंडावर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी. आणि तळ्याच्या तळातला व्हॉल्व्ह उघडून पाणी उतरवा. मी निघालेच. खाली कोणी राहतं का?"

"माझी बहीण."

"मग आधी तिला बाहेर काढा."

आधी तिला बाहेर काढणं हे धरण बांधण्याहून अवघड काम. "बॉयलर पेटलाय," ती म्हणाली, "दवाखान्याच्या चादरी आत आहेत, त्या काय तुझी बायको धुणार?" तेव्हा दादा असे ओरडले, की कुत्राही कोपऱ्यात जाऊन बसला. धाकटीने निमूटपणे बॉयलर विझवला, कामावरच्या बायकांना बाहेर काढलं, सुनेला आणि तान्ह्या नातीला वर वहिनीकडे पोचवलं. आणि घमेलं घेऊन खाली परत आली.

"तुला वर थांबायला सांगितलं ना?"

"वाळू माझी आहे," ती म्हणाली.

ते खरंच होतं. धुलाईपुढे फरशी करायची म्हणून तिने वाळू-खडीचे ढीग आणून टाकले होते, आणि रस्ता अडला म्हणून दादांनी महिनाभर तिचं डोकं खाल्लं होतं. आता त्याच ढिगांवर दोघं तुटून पडली. व्हॉल्व्हचं चाक गंजलं होतं. दादांचा जावई आणि धुलाईचा गाडीवाला त्याला लोंबकळले, तेव्हा कुठे ते करकरत फिरलं आणि पाणी बाजूच्या ओढ्यात धो धो पडू लागलं. बाई आल्या त्या गमबूट घालूनच. आल्या आल्या त्यांनी एकाला माथ्यावर नजर ठेवायला उभं केलं आणि वाळूचा थर कुठे जाड हवा, ते दाखवत स्वतःही खडी ओतू लागल्या. वाळू तांबडी झाली, की वर आणखी वाळू. दादांच्या पाठीचा काटा ढिला झाला. धाकटी मात्र घमेल्यागणिक भावाला नावं ठेवत होती, आणि दादांना ते इतकं बरं वाटत होतं, की ती क्षणभर थांबली तरी ते वळून पाहायचे.

दुपार कलता कलता खडीतून पाणी आलं ते स्वच्छ. बाईंनी काचेचा पेला भरून उजेडात धरला, तो तसाच बराच वेळ ठेवून तळ पाहिला आणि मगच खाली बसल्या.

"आजचं भागलं. तळं रिकामंच ठेवा, मग धरण उकलून नीट करू. तुमचा झरा म्हणजे गळती होती, इतकी वर्षं. नितळ होती तोवर चाललं. पाणी माती घेऊन निघालं, म्हणजे धरण आतून पोखरायला लागलं. वरून तुम्हाला शेवटपर्यंत काही कळलं नसतं." मग धाकटीकडे वळून त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही वेळेवर ओळखलंत."

"मी कसलं ओळखतेय," धाकटी म्हणाली. "मला माझ्या चादरींची पडली होती."

पाणी पुरतं उतरल्यावर बाईंनी घरी राहायची परवानगी दिली, तेव्हा सामान परत लावायला दादाही खाली गेले. नेहमी ती वर यायची, त्यामुळे तिच्या घरात त्यांचं पाऊल वर्षानुवर्षं पडलं नव्हतं. सुनेने नातीला पाळण्यात घातलं. पाळणा मागच्या खिडकीशी होता. दादांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, तर आभाळच दिसेना. खिडकीभर नुसतं धरण. वाळू ओतताना मान वर करून पाहायला सवडच मिळाली नव्हती. जन्मभर ते धरण त्यांनी वरून पाहिलं होतं, आणि वरून ते म्हणजे हिरवळीची बुटकी कड होती, जिच्यावर बसून ते संध्याकाळी पाय हलवत. खालून ते घराच्या डोक्यावर उभं होतं.

ते पाळण्याशेजारी जमिनीवरच बसले.

"आता काय झालं?" धाकटी म्हणाली. "पाठ धरली का?"

त्या घरात आभार मानायची रीत नव्हती. पण दादांना ते पोटात ठेवणं अशक्य झालं. "धाकटे, तुझे उपकार आहेत माझ्यावर. मी हसलो तुला, तरी तू परत परत आलीस. तू वाचवलंस."

"माझ्या घरावर पाणी येणार होतं, माझा जीव मी वाचवला. त्यात तुझं काय?" ती म्हणाली. "तू तर वर होतास. तू उरला असतास."

"हो," दादा म्हणाले. त्यांनी डोळे पुसलेही नाहीत. "मी एकटाच उरलो असतो."

धाकटी त्यांच्याजवळ खाली बसली, पदराने त्यांच्या हाताची तांबडी माती पुसू लागली, आणि दादांनी हात मागे घेतला नाही.