कानसेनांच्या गाडीतली कुईं

घरात त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव मेहुणीने ठेवलं होतं आणि त्याला ते मनातून फार आवडायचं. वरवर मात्र तो नाक मुरडायचा.

तो कान तपासायचा. दवाखान्यात जाड गादीच्या भिंतींची एक छोटी खोली होती. आत माणसाला बसवायचं, त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेबाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबा. दिवसभर हेच काम. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात होती. फ्रेमच्या काड्या वाकवणं, नाकावर रुतणारी पॅडं बदलणं, डोळ्यांना नीट दिसतही नाहीत असले स्क्रू फिरवणं, हे तिच्या हातातलं काम. "एकाकडे कान, दुसरीकडे डोळा," मेहुणी म्हणायची. "तुमचा संसार कानाडोळ्यावरच चाललाय."

त्यांच्या जुन्या गाडीतला रेडिओ बिघडला होता. बिघडला म्हणजे वाजायचा, पण बातम्या देणारी बाई घशाला फडकं बांधून बोलतेय असं वाटायचं. बायकोला चालत होतं. कानसेनाला चालेना. त्याने महिनाभर माहिती काढली आणि एक दिवस खोकी घेऊन घरी आला. डॅशबोर्डात बसणारा नवा प्लेअर, चार दारांसाठी चार स्पीकर आणि सीटखाली ठेवायचा एक छोटा अॅम्प्लिफायर.

"बसवून नाही दिलं दुकानात?" बायकोने विचारलं.

"देत होता. मीच नको म्हटलं. ते लोक वायर कुठूनही ओढतात."

"आणि तू कुठून ओढणार?"

"नीट जागेवरून."

शनिवारी बायकोला सुट्टी होती आणि त्या सुट्टीचं काय होणार हे तिला तेवढ्यावरच कळलं.

शनिवारी सकाळी दोघं इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उतरले. कानसेनाने आधी बॅटरीची वायर सोडवली, मग मोबाइलवर व्हिडिओ लावून तो स्टिअरिंगवर टेकवला आणि स्वतः प्रवासी सीटवर आडवा झाला. त्याचे पाय दाराबाहेर आणि डोकं डॅशबोर्डखाली. बायकोच्या हातात टॉर्च.

"उजेड इकडे धर."

"इकडे म्हणजे कुठे?"

"मी बघतोय तिकडे."

"तू तर डोळे मिटून घेतलेयस."

"धूळ पडतेय. मी हाताने बघतोय."

"मग टॉर्च हाताला दाखवू का?"

त्याने रेडिओभोवतीची पट्टी ओढायला घेतली होती आणि ती येत नव्हती. त्याने जोर लावला. टक्‌कन आवाज झाला.

"तुटलं का?" बायको म्हणाली.

"नाही, क्लिप निघताना असाच आवाज येतो."

"बरं." तिने खाली वाकून पायपुसण्यावरून एक काळा तुकडा उचलला आणि त्याच्या पोटावर ठेवला. "मग हा आपल्या आपणच आला असेल."

पण काम तो नेटकं करत होता, हे तिलाही मान्य करावं लागलं. प्रत्येक वायरला त्याने कागदी टेप गुंडाळून वर बारीक अक्षरात काय कुठलं ते लिहिलं. दारांची अस्तरं काढून ती भिंतीला ओळीने टेकवून ठेवली. जाणारे-येणारे थांबून बघत. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तर "अपघात झाला का?" असं हळहळून विचारलं. दुपारी एक स्क्रू हातातून सुटला आणि हवेच्या जाळीत जाऊन पडला. कानसेनाने गाडीला, व्हिडिओतल्या माणसाला आणि शेवटी स्क्रूलाही दोन शब्द सुनावले. बायकोने पर्समधून चिमटा काढला, एक डोळा मिटला आणि स्क्रू वर आणून त्याच्या तळहातावर ठेवला.

"तू पर्समध्ये चिमटा ठेवतेस?"

"तू खिशात कापूस ठेवतोस. मी कधी काही म्हटलं?"

ऊन कलताना सगळं जागेवर बसलं. एक क्लिप कमी होती, पण ती बाजू सीटसमोरच्या कप्प्याकडे जात होती आणि तिथे कोण बघतंय. कानसेनाने बॅटरी जोडली, प्लेअर चालू केला आणि डोळे मिटले. गाणं सुरू झालं. आता गाणारी बाई समोर काचेपाशी उभी होती, तबला डाव्या दारात होता आणि दोन ओळींच्या मधे तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. कानसेनाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की बायको दुखरा हात चोळत म्हणाली, "छान झालं रे. खरंच." आणि ती आंघोळीला पळाली, कारण रात्रीच्या जेवणाला बाहेर जायचं ठरलं होतं. मेहुणीला नोकरीत बढती मिळाली होती आणि ती थेट त्यांच्याकडेच येणार होती.

तासाभराने दोघी बहिणी नटूनथटून खाली आल्या. कानसेनानेही शर्ट बदलला होता, नखांतला काळेपणा तेवढा राहिला होता. त्याने ऐटीत गाडी सुरू केली. गाणं लागायचं होतं, तेवढ्यात त्याचा हात हवेतच थांबला.

"हे काय?"

"काय?" बायको म्हणाली.

"कुईं."

त्याने अॅक्सिलरेटर दाबला. स्पीकरमधून एक बारीक, सुईसारखा आवाज इंजिनाबरोबर वर चढला, कुईंऽऽ, आणि पाय काढला तसा खाली उतरला.

"ऐकलंस?"

बायकोने मान तिरकी केली. क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "नाही बाई. मला काही नाही येत ऐकू."

"काहीच नाही?"

"इंजिन ऐकू येतं. ते यायलाच हवं ना?"

"भाऊजी, मला येतंय," मागून मेहुणी म्हणाली.

कानसेन आशेने वळला. "कसं येतंय?"

"भूक लागल्यावर पोटातून येतं तसं."

कानसेनाने तिथल्या तिथे तपासणी घेतली. दोघींनी डोळे मिटायचे, कुईं ऐकू आली की बोट वर. मेहुणीने बोट एकदा वर केलं ते खाली आणलंच नाही. इंजिन बंद केल्यावरही ते तसंच वर होतं. बायकोने मात्र अगदी प्रामाणिक चेहऱ्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शेवटपर्यंत हलवले नाहीत. कुईं चढत होती, उतरत होती. बायको आपली शांत.

"चला ना भाऊजी," मेहुणी म्हणाली. "टेबल जाईल."

जेवणात कानसेनाचं लक्ष नव्हतं. बायकोला ऐकू येत नाही, याचे अर्थ दोनच. एक तर तिच्या कानात काहीतरी बिघाड होता, किंवा त्याच्या कानात नसलेले आवाज येऊ लागले होते. तिसरी शक्यता त्याला सुचली नाही. एरवी ऐकू येत असून येत नाही म्हणणाऱ्यांना पकडण्यात त्याचा हातखंडा होता. रजा हवी असलेली, भरपाई हवी असलेली अशी माणसं यायची. तो तोंडावर फाईल धरून हळूच म्हणायचा, "तुमचं पाकीट खाली पडलंय," आणि माणूस खाली बघायचा. पण ते परके. बायकोबद्दल असलं काही डोक्यात यावं कसं?

सोमवारी दवाखान्यात पेशंट नव्हते तेव्हा तो दुसऱ्या तपासनिसाकडे गेला. ती मुलगी त्याच्याच हाताखाली शिकलेली होती.

"माझे कान बघ जरा," तो म्हणाला.

"सर, तुमचे?"

"बघ म्हटलं ना."

इतक्या वर्षांत तो त्या खोलीत दार लावून कधी बसला नव्हता. आत गेल्यावर त्याला स्वतःचं गिळणं ऐकू येऊ लागलं. आवाज आला की नाही ते कळेना. पेशंट जे जे करतात म्हणून तो घरी येऊन वैतागायचा, ते सगळं त्याने केलं. आवाज सोडण्याआधी बटण दाबलं. काचेतून तिच्या हाताकडे चोरून बघितलं. मधेच हेडफोन काढून विचारलं, "आत्ता एक होता का?"

"सर, अंदाज करू नका," काचेपलीकडून ती गोड आवाजात म्हणाली. "ऐकू आलं तरच दाबा. ही काही परीक्षा नाहीये."

हे त्याचंच वाक्य होतं, त्याच्याच चालीत.

कान चांगले निघाले. तिने आलेख त्याच्यापुढे ठेवून, डोकं किंचित हलवत, तो हलवतो तसंच, म्हटलं, "काळजीचं काही नाही हं. वयाच्या मानाने उत्तम."

"वयाच्या मानाने?" तो म्हणाला, पण वाद घालायला वेळ नव्हता. तो तिला तसाच खाली गाडीपाशी घेऊन गेला. इंजिन सुरू केलं, पाय दाबला.

"बाप रे," ती म्हणाली. "हे घेऊन तुम्ही रोज येता?"

कानसेनाला आनंद झाला तो दोन मिनिटं टिकला. कुईं खरी होती. म्हणजे बिघाड बायकोच्या कानात होता.

त्या संध्याकाळी तो तिच्याशी फार जपून वागला. तिच्याशी बोलताना समोर येऊन, शब्द सुटे करून बोलू लागला. टीव्हीचा आवाज आपणहून वाढवला.

"काय झालंय तुला?" तिने विचारलं.

"काही नाही. तुझ्या माहेरी कुणाला कानाचा त्रास होता का?"

"तुझ्याशी लग्न केल्यापासून मला आहे."

तो हसला नाही. उद्याच तिला दवाखान्यात न्यायचं त्याने ठरवून टाकलं, फक्त तिला न घाबरवता हे सांगायचं कसं याचा विचार करत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तिला दुकानात सोडायला निघाला. गाणं त्याने मुद्दामच लावलं नाही, हळूच विषय काढायचा होता. रस्ता मोकळा होता. ती खिडकीबाहेर बघत, कुठल्यातरी विचारात, स्वतःशी गुणगुणत होती. सिग्नल सुटला, गाडीने वेग घेतला, कुईं चढली. आणि तिची गुणगुणही चढली. पुढे गर्दी लागली, त्याने वेग कमी केला. गुणगुण उतरली. अगदी त्याच सुरात, एका केसाचाही फरक नाही.

कानसेनाने पुन्हा पाय दाबला. "हंऽऽऽ," बायको वर गेली. पाय काढला. बायको खाली आली.

त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली.

"हे कुठलं गाणं?"

"कुठलं?" ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने झटकन ओठ मिटले. पण हसू आधी डोळ्यांत आलं, मग गालांवर, आणि शेवटी ती तोंडावर रुमाल धरून पुढे वाकली.

"तुला ऐकू येतं!"

"पहिल्या सेकंदापासून. रात्री झोपेतसुद्धा येतं!"

"मग तू मला… मी तुझ्यासाठी काय काय… अगं, मी स्वतःची तपासणी करून घेतली!"

"काय सांगतोस? काय निघालं?"

"वयाच्या मानाने उत्तम," त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तिला परत नव्याने हसू फुटलं.

"पण का?" त्याने विचारलं. तो खरंच दुखावला होता आणि तितकाच सुटल्यासारखाही झाला होता.

तिने डोळे पुसले. "दिवसभर टॉर्च धरून माझा हात गळाला होता. चांगली साडी नेसून, केस बांधून खाली आले. मी हो म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस?"

कानसेनाने खरा विचार केला. "फक्त सीट काढून बघितली असती."

"बघ!"

"पण दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं."

"सांगणार होते. पण तू इतका हळवा होऊन बोलायला लागलास. टीव्हीचा आवाज वाढवलास, चहा आणून दिलास. म्हटलं, आणखी दोन दिवस चालू दे."

त्याने गाडी सुरू केली. दुकान येईपर्यंत ती मुद्दाम मोठ्याने कुईं करत राहिली आणि उतरताना त्याच्या कानाची पाळी हलकेच ओढून गेली.

रविवारी सकाळी त्याने सीट काढली. दोष सापडायला वेळ लागला नाही. अॅम्प्लिफायरची काळी, अर्थिंगची वायर त्याने ज्या बोल्टखाली आवळली होती तिथे पत्र्यावर रंग होता, त्यामुळे वायर पत्र्याला नीट लागतच नव्हती. त्याने रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, बोल्ट परत आवळला. इंजिन सुरू केलं आणि भरपूर पाय दाबला. कुईं गेली होती. खात्री करायला त्याने बायकोला हाक मारली, आणि ती काय सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा का, या विचाराने मग स्वतःच पुन्हा ऐकलं.

"फिरवून आण," ती म्हणाली. "नाही, मीच चालवते. तू बस."

शहराबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर तिने आपल्या आवडीचं गाणं लावलं. कानसेनाने खर्ज थोडा वाढवला. मग कमी केला. मग डावी बाजू पुढे आणली.

"हात मांडीखाली घे," बायको म्हणाली. "निदान एक गाणं पुरं होऊ दे."

त्याने खरंच दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि डोळे मिटून, मन लावून शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपलं.

"कसं होतं?" तिने विचारलं.

"अप्रतिम. मागचं उजवं दार किंचित मऊ बोलतंय, पण अप्रतिम."

"आणि गाणं कुठलं होतं?"

कानसेनाने डोळे उघडले. त्याने आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, प्लेअरच्या पडद्याकडे चोरून नजर टाकली, तर तिने त्यावर तळहात ठेवलेला होता.

"लाव बरं परत," तो म्हणाला.