धडधाकट डिस्क

लेक लांब नोकरीला गेली तेव्हा बापाच्या टेबलावर एक काळी पेटी ठेवून गेली. आत चार हार्ड डिस्क, आणि त्यांवर आईची सगळी रेकॉर्डिंग. आई गाणं शिकवायची. तिचे वर्ग, तिचं खोकणं, मध्येच 'अहो, दार लावा' म्हणून ओरडणं, सगळं त्यात होतं. आई गेल्यावर तेवढंच उरलं होतं.

"याला रेड म्हणतात, बाबा. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचा भाग पुन्हा भरून काढतात. पण दोन एकदम गेल्या की सगळं गेलं."

बाबा म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मान डोलावून मोकळे झाले. कळलं काय, देव जाणे.

पुढे खरोखरच एक डिस्क गेली. पेटीने परस्पर लेकीला ईमेल धाडला, आणि जिला महिना महिना सवड नसायची तिचा लगेच फोन. नवी डिस्क कशी बसवायची ते सांगता सांगता जेवलात का, गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं. मास्तर दिवसभर हवेत.

मग पुन्हा सामसूम. एका दुपारी मास्तरांनी पेटीचा खण ओढून चांगली डिस्क बाहेर काढली आणि फोन समोर घेऊन बसले. आला की फोन! डिस्क परत सारली की पेटी दिवसभर घरघरत ती भरायची, आणि लेक मधूनमधून चौकशी करायची. मांजर दुधाला सोकावतं तसे मास्तर सोकावले. या वयात शोभतं का हे? पण सांगणार कोण, घरात होतं कोण?

एकदा मात्र डिस्क परत सारली तेव्हा लेक घाईत होती. "भरतेय ना? मग होईल. मीटिंग आहे," म्हणून तिने फोन ठेवला. मास्तरांना ते फार लागलं. पेटी अजून घरघरत होती, तोच तिरमिरीत त्यांनी दुसरी डिस्कही ओढली.

दिवे लाल झाले. लगेच लेकीचा फोन आला.

"बाबा, कशाला हात लावू नका. दुसरी कशी गेली? खरखरत होती का? खराब असेल तर ती पुन्हा चालू करायची नाही, आतलं सगळं खरवडून निघेल. धडधाकट असेल तरच परत बसवून आईचं वाचेल. अंदाजाने सांगू नका."

खोटं बोलावं तर बायकोचा आवाज जायचा, खरं बोलावं तर लेकीच्या मनातून उतरायचं.

"धडधाकट आहे," ते म्हणाले. "मीच काढली. याआधीही मीच काढायचो. तुझा फोन यायचा म्हणून."

ती म्हणाली, "पेटी बंद करा. दुसरी परत घाला. पहिली अर्धवटच भरलीय, ती काढून ठेवा, नंतर भरू."

संध्याकाळपर्यंत ती तिकडून खटपट करत राहिली. शेवटी फोनवर रेकॉर्डिंगमधली आई कुणा विद्यार्थिनीवर रागावताना ऐकू आली आणि मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला. दोघंही रडली.

"याची प्रत मी इथे घेतेय," लेक म्हणाली. "आणि ते ईमेल बंद करतेय. बोलावंसं वाटलं तर तुम्हीच फोन करायचा."

"तू कामात असतेस."

"असले तरी."

त्यानंतर कितीदा तरी मास्तरांनी फोन हातात घेऊन खाली ठेवला. निमित्ताशिवाय लेकीशी बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं, ते खातं आईकडे असायचं. शेवटी एकदा लावला.

"काय बिघडलं, बाबा?" तिने घाबरून विचारलं.

"काही नाही. सगळे दिवे हिरवे आहेत."

"मग?"



"काही नाही गं," ते म्हणाले. "एकटं वाटत होतं."