मातीला दिलेला मेणाचा ठोकळा

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. जुना म्हणजे फार नाही, माझ्या वयाची मुलं अजून बालवाडीत जातात. पण माझ्या पोटात जे आहे ते सत्तरीच्या घरातलं आहे, म्हणून मी स्वतःला वडीलधारा समजतो. आकारानं मी काडेपेटीहून लहान. पाठीला जाळीदार प्लास्टिकची डबी, तिच्यावर एक नंबर आणि पांढऱ्या मेणात रुतलेले मांसाचे फिकट कण. देखणा म्हणून मला कुणी हातात घेत नाही.

मित्रांनो, हे कण सुप्याच्या इमामभाई बागवानांच्या शरीरातले. इंदापूरकडच्या बागांतून डाळिंब आणि पेरू उचलायचे आणि सुप्याच्या बाजारात विकायचे, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. पुढे पुढे इंदापूरच्या वाटेवर त्यांना टेम्पो सारखा थांबवावा लागू लागला. लघवीची घाई व्हायची आणि बाभळीच्या आडोशाला जाऊन उभं राहिलं की धड व्हायची नाही. त्यांनी यावर आपल्या मनानं उपाय काढला. पाणी पिणंच कमी केलं आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. असलं दुखणं सांगायची त्यांना लाज वाटायची.

पुरुषाच्या ओटीपोटात, मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या वाटेला वेढा घालून एक छोटी ग्रंथी बसलेली असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वय वाढलं की बहुतेकांची फुगते आणि वाट आवळते. इमामभाईंची इतकी फुगली की एके दिवशी लघवी पूर्ण अडली. मग लाज कुठली आणि काय, मुलगा मोईन त्यांना थेट बारामतीच्या एका दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून वाढलेला भाग खरवडून काढला. ते कण, मांस कुजू न देणाऱ्या फॉर्मेलिनच्या बाटलीत पडले. मग त्यांना उग्र वासाच्या द्रवांतून फिरवून त्यांतलं पाणी काढलं आणि शेवटी वर वितळलेलं मेण ओतलं. मेण थिजलं आणि मी झालो. बारशाला कुणी नव्हतं.

आता माझ्या पोटातल्या वस्तीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. तिथं नाना प्रकारच्या पेशी राहतात. आतल्या रांगेतल्या पेशी पातळ रस तयार करतात. त्यांच्या खाली तळाच्या पेशींची एक बारीक रांग असते, ती रस करत नाही, वरच्या रांगेला धरून ठेवते. भोवती स्नायूंच्या आणि धाग्यांच्या पेशी असतात. या प्रत्येकीजवळ जनुकांचं एकच जाडजूड पुस्तक असतं, अक्षर न् अक्षर सारखं. पण प्रत्येक पेशी आपल्या कामाचीच पानं उघडून वाचते. कुणी रसाचं पान वाचते, कुणी आधाराचं. वय झालं की काही पानं उघडायची राहून जातात आणि सुजेची, वाढीची भलतीच पानं जास्त वाचली जातात. कर्करोग झाला तर आतल्या रांगेतल्या पेशी वाढीचंच पान धरून बसतात आणि तळाची रांग नाहीशी होते. म्हातारपण आणि आजार यांच्यातला फरक पुष्कळदा त्या एका बारीक रांगेत असतो.

कण फॉर्मेलिनमध्ये पडले त्या क्षणी जिथं जे पान उघडं होतं ते तसंच उघडं राहिलं. मी ते जपून ठेवलं आहे. मला स्वतःला वाचता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी फक्त सांभाळतो.

माझा एक पातळ पापुद्रा कापून, रंगवून काचपट्टीवर ठेवला आणि तपासला. एका कोपऱ्यात बारीक, वाकड्यातिकड्या ग्रंथींची दाटी दिसली. अहवालात लिहिलं, कर्करोगाची दाट शंका. बारामतीच्या डॉक्टरांनी पूर्ण ग्रंथी काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुढची तारीख सुचवली. काचपट्टी फायलीत गेली आणि मला इमामभाईंच्या हातावर ठेवून तिथला माणूस म्हणाला, "चाचा, हा तुमच्या शरीराचा तुकडा हाय. नीट सांभाळून ठेवा."

इमामभाईंनी मला मुठीत धरलं. शरीराचा तुकडा नीट सांभाळायचा म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांच्या चुलत भावाचं बोट उसाच्या चरकात गेलं होतं, तेव्हा ते कापडात गुंडाळून मातीत ठेवलं होतं. माणसाचं अंग, मग ते नखाएवढं का असेना, उघड्यावर टाकत नाहीत. सुप्याला पोचल्यावर ते घरी न जाता आधी कब्रस्तानात गेले. पांढऱ्या कापडात मला गुंडाळलं, आपल्या वडिलांच्या कबरीच्या पायथ्याशी खुरप्यानं खड्डा केला, दुआ मागितली आणि माझ्यावर माती लोटली.

म्हणजे मी काही आठवड्यांचा असतानाच पुरला गेलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खाली गार होतं, शांत होतं. वाळवी आली, तिनं कापड खाल्लं, मेणाची चव तिला रुचली नाही. वरून कधी माळावरचं चिंकारा हरीण चालत गेलं तर माती थोडी हलायची, एवढंच. वाईट कुणाचं चाललं होतं तर ते इमामभाईंचं, आणि ते मला नंतर कळलं.

माती लोटून घरी गेलेला माणूस अर्धा तिथंच राहिला होता. त्यांनी दुकानाच्या किल्ल्या मोईनकडे दिल्या. बाजारात जाऊन डाळिंब हातात घेणं सोडलं. चपलेचा अंगठा तुटला तर फरजाना, त्यांची बायको, नवी आणू म्हणाली. त्यावर ते म्हणाले, "कशाला? किती दिस घालायच्यात?" आजार आहे की नाही याची अजून नुसती शंका होती. पण त्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता.

फरजानानं मात्र निकाल मानला नाही. मोठी शस्त्रक्रिया करायच्या आधी एकदा दुसऱ्या कुणाला तरी दाखवू, असा तिनं हट्ट धरला. बारामतीचे डॉक्टरही म्हणाले, खुशाल दाखवा. मग मोईन, त्याची बायको साजिया, फरजाना आणि इमामभाई अशी सगळी पुण्याला एका प्रयोगशाळेत गेली. तिथल्या डॉक्टर प्रगती मूळच्या बारामतीकडच्याच, कोऱ्हाळे बुद्रुकच्या. पेशी पाहून आजार ओळखणं हे त्यांचं काम. त्यांनी काचपट्टी बराच वेळ पाहिली. पुढं काय झालं ते साजियानं टेम्पोत इतक्यांदा हसत सांगितलं की मला पाठ झालं.

"चाचा, नुसत्या ह्या पट्टीवरून मला ठाम सांगता यायचं न्हाय," डॉक्टर म्हणाल्या. "अजून एक रंग लावून बघायला पायजे. त्याला मेणाचा ठोकळा लागंल. जपून ठेवलाय न्हवं?"

"लई जपून," इमामभाई म्हणाले. "आमच्या अब्बांच्या पायथ्याशी हाय."

"म्हंजे घरातच?"

"न्हाय. कब्रस्तानात."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोईननं डोक्याला हात लावला. फरजाना नवऱ्याकडे बघतच राहिली, कारण तिलाही हे त्याच क्षणी कळत होतं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मेणाला मातीनं काय होत न्हाय. तापत्या पत्र्याखाली ठिवला असता तर मऊ पडला असता. काढून आणा."

"मातीला दिलेलं मागं घेत न्हाईत," असं म्हणून इमामभाई खुर्चीवरून उठले.

सुप्यात परतल्यावर मोईन मशिदीतल्या मौलानांना विचारून आला. मौलाना म्हणाले, जित्या माणसाच्या इलाजासाठी काढायचं आहे, बेशक काढा. तरी इमामभाई तयार होईनात, आणि पायथ्याशी नेमकं कुठं पुरलंय हे फक्त त्यांनाच ठाऊक. शेवटी फरजानानं त्यांच्या हातात खुरपं दिलं, त्यांच्याबरोबर चालत आली आणि बायकांनी आत जायची रीत नाही म्हणून कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली.

डोक्यावर खुरप्याचा आवाज मला ऐकू आला. थोडी माती उकरली गेली आणि आवाज थांबला.

"न्हाय काढवत गं," इमामभाईंचा आवाज अगदी जवळ होता. "एकदा देऊन टाकलं की मन निवांत असतं बघ. पुन्हा काढायचं, पुन्हा आस धरायची, आन् त्यांनी पुन्हा तेच सांगितलं तर?"

फाटकाबाहेरून फरजाना म्हणाली, "मातीला तुमी दिलं. म्या न्हाय दिलं."

खुरपं पुन्हा चालू झालं. मी स्वभावानं थंड आहे, मेणाचा आहे. पण वर उजेड दिसला आणि त्या म्हाताऱ्या माणसानं मला सदऱ्याच्या टोकानं पुसलं, तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

ऊन रणरणत होतं. साजियानं मला ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलं आणि पुण्यापर्यंत डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. प्रयोगशाळेत माझी माती झटकली, मला गार केलं आणि यंत्राच्या पात्यानं माझे पापुद्रे काढले. प्रत्येक पापुद्र्याबरोबर मी थोडा कमी होतो. आमच्या जातीचं हे असंच असतं, उत्तर द्यायचं तर झिजावं लागतं.

त्या पापुद्र्यांवर एक खास रंग घातला. तळाच्या पेशी आपलं पान वाचत असतील तिथंच तो चिकटतो आणि तपकिरी दिसतो. त्या कोपऱ्यातल्या वाकड्या ग्रंथींभोवती तपकिरी ठिपके दिसले नाहीत तर कर्करोग आणि मोठी शस्त्रक्रिया. दिसले तर नाही. माझ्या पोटात उत्तर होतं आणि मलाच ते ठाऊक नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी डॉक्टर प्रगतींच्या टेबलावर होतो. समोर इमामभाई मांडीवर हात घट्ट दाबून बसले होते. फरजाना बसलीच नाही, त्यांच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

"चाचा, डाळिंबावर उन्हाचा चट्टा पडतो आन् तेल्या रोगाचा डाग बी पडतो," डॉक्टर म्हणाल्या. "लांबनं कधी कधी सारखंच दिसतं का न्हाय?"

"दिसतं."

"तुमच्या पट्टीवर तसंच झालं हुतं. ही बघा तळाची रांग. विरळ झालीया, मधी मधी तुटलीया, पर सगळीकडं हाय. ज्या कोपऱ्याची शंका हुती, तितं बी हाय. हा कर्करोग न्हाय. हे वय हाय."

इमामभाईंना ते लगेच कळलं नाही. "म्हंजे नुसतं म्हातारपण?"

"नुसतं म्हातारपण."

"मग मी मरनार न्हाय व्हय?"

"मरनार की, चाचा. पर ह्यानं न्हाय. सहा म्हैन्यांनी रक्त तपासायला यायचं, आन् पाणी प्यायचं सोडायचं न्हाय."

इमामभाई हसायला गेले आणि त्यांना हसू आलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. इतके दिवस घरात कुणी रडलं नव्हतं. आता फरजाना रडली, खुर्चीची पाठ न सोडता, मोठ्यानं. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं आणि मग मला उचलून इमामभाईंपुढं धरलं. "हा तुमचा ठोकळा. न्यायचा का घरी?"

इमामभाईंनी हात पुढं केला. फरजानानं तो मधेच धरला.

"न्हाय, डॉक्टरबाई," डोळे पुसत ती म्हणाली. "तुमच्यापाशीच ठिवा. ह्यास्नी दिला तर पुन्हा पुरतील."

तेव्हापासून मी इथं कपाटाच्या खणात आहे. खणात आम्ही पुष्कळ आहोत आणि गप्पा मारायची पद्धत नाही. इमामभाईंच्या परवानगीनं माझे आणखी काही पापुद्रे अभ्यासासाठी कापले गेले. तरुण माणसाच्या प्रोस्टेटमधली कुठली पेशी कुठलं पान वाचते, म्हाताऱ्याच्या कुठलं आणि आजाऱ्याच्या कुठलं, हे इथली माणसं जुळवून बघत असतात. मी म्हाताऱ्यांच्या रांगेत आहे. आजाऱ्यांची रांग शेजारीच आहे. तिच्यातल्या ठोकळ्यांची माणसंही कधीतरी खुर्चीची पाठ धरून उभी होती आणि त्यांना वेगळं उत्तर मिळालं. कुणाला कुठल्या रांगेत ठेवायचं, हे आमच्या हातात नसतं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे मागणी थोडीच आहे. तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यातून असा ठोकळा घेऊन आलं, तर तो कशासाठी आहे, कुठं ठेवायचा, हे तिथल्या तिथं विचारून घ्या. आणि घरातले आजोबा पाणी कमी पिऊ लागले, प्रवासाला नको म्हणू लागले, सारखे उठून बाहेर जाऊ लागले, तर त्यांना हसू नका. जवळ बसून विचारा. ते आधी काही नाही म्हणतील. तरी उठू नका, पुन्हा विचारा.